खाजणाचा बांध कोणाचा?

समुद्र हटवून शेती करणारे लोक म्हटले की आपल्यातल्या शिकलेल्या माणसाला हॉलंड आठवते. शाळेच्या भूगोलात तेच असते, त्याला आपण तरी काय करणार! परंतु आपल्या शेजारी गोमंतकात, मांडवी-जुवारीच्या काठांनी, हेच काम शतकानुशतके चालत आले आहे. तेथील इतिहास मला अधिक विचार करण्याजोगा वाटतो. बांध कसा घालावा हे त्या लोकांनी लवकरच शोधून काढले होते. घातलेला बांध पिढ्यान्‌पिढ्या कोणी राखावा, हा खरा अवघड प्रश्न होता.

भरतीच्या पातळीहून सखल असलेल्या आणि बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या या जमिनींना खाजण म्हणतात. त्यांचे क्षेत्र सुमारे १८,००० हेक्टर धरले जाते. शब्दही जुनाच आहे. कोकणच्या मौर्यांपैकी अनिर्जितवर्मा या राजाचा जो ताम्रपट बांदोड्याच्या नावाने ओळखला जातो, त्यात 'खज्जण' जमीन लागवडीस आणण्याचा उल्लेख आहे. हा लेख इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकातला मानतात.

या शेतीचे मर्म आहे 'मानस' या साध्या लाकडी दारात. बांधाला मोरी ठेवून तीत ही झडप बसवितात. भरती चढू लागली की बाहेरचे पाणीच तिला ढकलून मिटवते. ओहोटी लागली की आतले पाणी तिला उघडून नदीत निघून जाते. चंद्राच्या ओढीने चालणारा असा पहारेकरी, ना पगार ना रजा! आत पाणी साठायला खोलगट जागा ठेवलेली असते. पावसाने जमिनीतला खार धुऊन निघाला की कोरगुट नावाचे, खारेपणा सोसणारे भात करावयाचे. कापणीनंतर काही ठिकाणी तेथेच मासळी, काही ठिकाणी मीठ.

पण चिखलाचा बांध म्हणजे नित्य मरणारी वस्तू. खेकडे त्याला पोखरतात आणि अमावास्या-पौर्णिमेचे उधाण त्यावर आदळते. एका ठिकाणी भगदाड पडले की एकाचे नव्हे, सगळ्यांचे शेत खारट होते. म्हणून बांध हा कोणा एकाचा असून भागत नव्हते. तो गावकरीचा होता. जमीन समाईक, ती ठरावीक मुदतीने लिलावाने कसायला द्यावयाची, येणाऱ्या उत्पन्नातून बांधबंदिस्ती, देवस्थान आणि सरकारधारा भागवायचा, आणि उरेल ते 'जोण' म्हणून गावकरांत वाटायचे. पोर्तुगीज आले ते हा सारा व्यवहार पाहून चकित झाले असावेत. १५२६ साली आफोंसू मेशिया याने गावकरीचे रीतिरिवाज लेखनिविष्ट केले, ते 'फोराल' म्हणून प्रसिद्ध आहेत. बांध आधी, वाटणी मागून, ही या व्यवस्थेतली शहाणपणाची गोष्ट. वाटणी हवी असेल त्याला बांधाकडे डोळेझाक करता येत नसे.

आता या व्यवस्थेचे फार गोडवे गाण्याचे कारण नाही. जोण घेणारे गावकर म्हणजे मूळ घराण्यांतले पुरुष. चिखलात कमरेएवढे उतरून बांध घालणारे हात पुष्कळदा निराळेच असत. तेव्हा मुक्तीनंतर १९६४ साली कूळकायदा झाला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कुळे जमिनीची मालक झाली, हा न्यायच होता, आणि उशिरा झालेला न्याय होता. मात्र शेत कुळाकडे आले तसा बांध सहजासहजी आला नाही. कायद्याने कुळांचे संघ केले आणि बांधाची सामाईक जबाबदारी त्यांच्यावर टाकली. पुढे भातापेक्षा मानशीवरच्या मासळीचा लिलाव अधिक पैसा देऊ लागला. मासळीच्या ठेकेदाराला झडप भरतीच्या वेळी उघडी हवी, शेतकऱ्याला मिटलेली. एकाच दारावर दोन धनी आले! त्यातच खनिज वाहणाऱ्या बार्जांच्या लाटांनी नदीकाठचे बांध झिजविले.

आणि समुद्र काही थांबलेला नाही. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर चढली. एवढ्याने काय होते, असे मुंबईच्या चौथ्या मजल्यावरच्या माणसाने म्हणावे. ज्याचे शेतच भरतीच्या रेषेखाली आहे त्याला वीतभर पाणी म्हणजे बांधाची उंची, मातीच्या होड्या आणि मजुरांची रोजी.

दिल्लीच्या सरकारने १९९१ साली किनारपट्टीच्या नियमनाची अधिसूचना काढली, २०११ साली तीत गोव्याच्या खाजणांचा स्वतंत्र उल्लेख करून त्यांचे नकाशे व संरक्षण सांगितले. २०१९ च्या अधिसूचनेत तर जेथे जुना बांध वा मानस आहे तेथे भरतीची रेषा त्यावरच धरावी असे म्हटले. म्हणजे गावकऱ्यांनी चिखलाने ओढलेली रेघ अखेर सरकारी नकाशाने मान्य केली. पण नकाशा बांध लिंपत नाही. फुटलेल्या बांधातून खारे पाणी काही वर्षे आत राहिले की शेतात कांदळ उगवते. कांदळ तोडण्यास कायद्याची बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. मग त्या जमिनीत पुन्हा कोरगुट पेरता येत नाही. तेव्हा बांधाला पडलेले पहिले भोक, मुठीएवढे असतानाच, कोणी बुजवावयाचे हे कुळांच्या संघाच्या सभेत उन्हाळ्यातच ठरावे लागते, आणि त्या सभेला पुष्कळ गावांत आज कोणी येत नाही.