मंडळी

दिवाळीच्या फराळाचे ताट शेजारी पाठवावयाचे आणि शेजाऱ्याने ते रिकामे परत करावयाचे नाही, हा आपल्याकडचा जुना रिवाज. माझे बालपण अकोल्यास गेले. आमच्या आळीत एक ख्रिस्ती कुटुंब राहत असे. आमच्या घरून गेलेल्या ताटात ते चिमूटभर साखर घालून ते तेवढ्यापुरते परत करीत, आणि खरा हिशेब चुकता होई तो नाताळात. त्या दिवशी ताट येई ते करंज्या, शंकरपाळे, चकल्या आणि बेसनाचे लाडू यांनी शीग लावून. आई रुमाल बाजूला करून म्हणे, "अग बाई, हे तर आपलेच!"

त्या घरात एक म्हाताऱ्या बाई होत्या. सारी आळी त्यांना आजीच म्हणे. बायकांच्या बोलण्यात माहेरचा विषय निघाल्यावाचून राहत नाही, तसा तो एकदा निघाला आणि आईने सहज विचारले, "आजी, तुमचं माहेर कोणतं हो?" आजी म्हणाल्या, "माह्या मायले माहेर नव्हतं, बापाले गाव नव्हतं. दोघंही दुष्काळातली लेकरं. आमचं माहेर म्हंजे मंडळी."

त्या वेळी हे उत्तर आम्हा मुलांना मोठे गमतीचे वाटले. कारण आमच्या घरी 'मंडळी' याचा अर्थ निराळा. वडील कोणाला सांगत, "सध्या आमची मंडळी माहेरी गेली आहेत," तेव्हा ती एकटी आईच असे! जेवायला बसणारी ती मंडळी, नाटक करणारी ती मंडळी, लग्नाला जमणारी तीही मंडळीच. पण मराठी बायबलात हाच शब्द चर्चसाठी योजलेला आहे. चर्च म्हणजे दगड-चुन्याची इमारत नव्हे, तर तेथे जमणारी माणसे, हा मूळ ग्रीक शब्दाचा भाव या घरगुती मराठी शब्दाने फार चांगला पकडला. वऱ्हाडात तर त्या शब्दाला अक्षरशः घराचे काम करावे लागले. ते कसे, याची ही हकीकत आहे.

निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले ते १८५३ साली. १८६७ पर्यंत मुंबईहून निघालेली आगगाडी अकोला, बडनेरा करीत नागपुरास पोहोचली. काळ्या जमिनीतला कापूस गाठोडी बांधून मँचेस्टरला जाऊ लागला. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण ज्यांच्या घरी सोने आले त्यांच्यापुरती खरीच होती. याच आगगाडीने पुढे मिशनरीही आले. १८८० नंतरच्या दशकात अकोल्यास फुलर पतिपत्नी काम करीत होती; त्यांचे काम पुढे अलायन्स मिशन या नावाने चालले. जेनी फुलर बाईंनी हिंदी स्त्रियांच्या दुःखांवर इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १९०० साली निघाले आणि त्याला पंडिता रमाबाईंनी प्रस्तावना लिहिली. उत्तरेकडे अचलपूर आणि मेळघाटात १८९० पासून कोरकूंमध्ये काम करणारे एक निराळे मिशन होते. जॉन ड्रेक यांनी कोरकू भाषेचे व्याकरण लिहून १९०३ साली छापले.

परंतु या साऱ्या खटाटोपाने मंडळी उभी राहिली असे म्हणता येणार नाही. प्रवचने ऐकायला माणसे जमत, ऐकून घरी जात. ज्याला घर आहे, भाऊबंद आहेत, पोटी मुलींची लग्ने व्हावयाची आहेत, तो माणूस सहजासहजी उठून दुसऱ्या पंगतीला जाऊन बसत नाही. मंडळी उभी राहिली ती ज्यांची घरेच मोडली त्यांच्यातून.

१८९६-९७ चा दुष्काळ कसाबसा निभावला, तोच १८९९ साली पावसाने पुन्हा दगा दिला. वऱ्हाडात ज्वारीच्या कितीतरी रानात आता कापूस उभा असे. पाऊस गेला तेव्हा कापूसही गेला आणि वेचणीची मजुरीही गेली. आगगाडीने बाहेरचे धान्य येत होते, पण ते विकत घ्यायला मजुराच्या हाती पैसा नव्हता. १८९१ च्या खानेसुमारीत वऱ्हाडची वस्ती २८,९७,४९१ होती. १९०१ मध्ये ती २७,५४,०१६ भरली. जी वस्ती दहा वर्षांत वाढावयाची ती जवळजवळ दीड लाखाने घटली. या आकड्याच्या पाठीमागे आई गेलेली, बाप कामाच्या शोधात निघून परत न आलेला, अशी किती लेकरे होती याची मोजदाद कोणी केली?

अशा मुलांसाठी अलायन्स मिशनने अकोल्यास मुलांचे आणि खामगावास मुलींचे अनाथगृह चालविले. तिकडे पंडिता रमाबाई १८९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात स्वतः फिरून मुली आणि बायका केडगावास घेऊन आल्या होत्या. त्यांना दुष्काळ काय असतो हे कोणी सांगावयास नको होते. त्यांचे स्वतःचे आईबाप उपासमारीतच गेले होते.

येथे एक प्रश्न वाचकांच्या मनात येईल, आणि तो यावा हेच योग्य. भुकेल्याला भाकरी दिली आणि तिच्यासंगे धर्मही दिला, हे दान की सौदा? असा आक्षेप त्या काळीही घेतला जात होता आणि तो सर्वस्वी खोटा नव्हता. लहान मुलाला निवड कसली? पण इतिहास एवढ्यावर थांबत नाही. दुष्काळ सरला, पाऊस आला, मुले वाढली. भाकरीपुरताच संबंध असता तर तो तेथेच संपावयाचा. तो संपला नाही, कारण भाकरीनंतरचा प्रश्न अधिक अवघड होता: यांचे कोण?

आपल्या समाजात माणसाची ओळख भाऊबंदांवरून पटते. मुलीला पाहायला आलेले लोक आधी मूळ गाव विचारतात, मग मामाचे कूळ. मूल जन्मले की आत्या नाव ठेवते; लग्नात मामा पाठीशी उभा राहतो; मेल्यावर खांदा द्यायला भाऊबंद लागतात. ज्या मुलीला आत्या नाही, मामा नाही आणि गावाचे नावही धड आठवत नाही, तिचे लग्न कोणी लावावे?

हे काम मंडळीने अंगावर घेतले. अनाथगृहातून वाढलेल्या मुलामुलींच्या सोयरिकी पाळक आणि त्यांच्या बायकांनी जमविल्या. कोठे एखादी वडीलधारी बाई मुलीकडची होऊन बसे, तर कोठे सुताराचे काम शिकविणारा मिस्त्री मुलाचा बाप म्हणून उभा राही. कायद्याचाही थोडा आधार होता. इंग्रजी राज्यातील १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याने देशी ख्रिस्ती वधूचे वय तेरा आणि वराचे सोळा वर्षांहून अधिक असावे, आणि दोघांपैकी कोणाचेही पहिले जोडीदार हयात नसावे, अशी अट घातली होती. आज तेरा हा आकडा ऐकून आपण चरकतो. पण पाळण्यात लग्ने लागत त्या काळी ही अट लहान नव्हती. एकपत्नीत्वाची हीच सक्ती हिंदू कायद्यात यावयास १९५५ साल उजाडले.

कायद्याला मात्र खांदा देता येत नाही. धर्म बदलल्याने वारसाहक्क बुडू नये असा कायदा १८५० मध्येच झाला होता. पण कागदावरचा वाटा मागायला भावाच्या दारी जाणार कोण, आणि गेल्यावर पाण्याचा तांब्या पुढे करणार कोण? धर्मांतराने किती घरे दुभंगली हे लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त ज्यांनी वाचले आहे त्यांना निराळे सांगणे नलगे. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई पुढली कित्येक वर्षे माहेरच्या माणसांत होरपळत राहिल्या. नवऱ्याकडे आल्यावरही त्यांनी सोवळे एकदम सोडले नाही. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाची खात्री पटल्यावर. कोणाच्या श्रद्धेची वाढ घाईने होत नाही. तिला आजूबाजूला धीराची माणसे लागतात. मंडळीचे दुसरे काम ते हेच.

आमच्याकडे दिवेलागणीला 'शुभंकरोति' होई, त्याच सुमारास आजींच्या घरी प्रार्थना चाले. एक उतारा मोठ्याने वाचावयाचा, आणि तो पाळीपाळीने घरातल्या प्रत्येकाने वाचावयाचा. मुलगी असो, सून असो, तिची पाळी चुकत नसे. हे साधे वाटते. पण १९०१ साली वऱ्हाडात शंभर बायकांत एकही लिहिता-वाचता येणारी सापडत नव्हती. देवाचा शब्द स्वतः वाचावयाचा तर अक्षरे यावयास हवीत, म्हणून पोथीच्या निमित्ताने पाटी घरात आली. आजींची आई अशीच वाचायला शिकली आणि पुढे घरोघर जाऊन इतर बायकांना वाचून दाखवू लागली.

आणि मग गाणे. पहिल्या पिढीच्या उपासनेत इंग्रजी चालींवर बसविलेली पदे पुष्कळ; ती जिभेला लागत पण जिवाला लागत नसत. टिळकांनी १९१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत भजने आणि अभंग लिहून ही अडचण दूर केली. ज्ञानोबा-तुकोबांच्या वळणाचे शब्द कानी पडले आणि ज्याला आपले गाव आठवत नव्हते त्यालाही आपली भाषा आठवली. पेटी, तबला आणि टाळ यांच्या साथीने आजींच्या घरी चाललेली भजने मी अंथरुणात पडून ऐकलेली आहेत. शब्द कळेपर्यंत ती विठोबाचीच वाटत. वऱ्हाडच्या मातीला हे नवे नव्हते. याच अमरावती जिल्ह्यात मोझरीला तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थनेभोवती गावे उभी केली. एकत्र बसून देवाचे नाव घेणारी माणसे एकमेकांच्या चुलीचीही चौकशी करू लागतात, हे वऱ्हाडाने दोन्ही दारांतून पाहिले.

ज्यांना सख्ख्या माणसांनीच घराबाहेर काढले त्यांच्याकडेही मंडळी गेली. अचलपूर-परतवाड्याजवळ कोठारा येथे कुष्ठरोग्यांसाठी मिशनचे रुग्णालय आहे. अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये तपोवन उभारले ते याच दुःखावर. त्यांची प्रेरणा निराळी, रोगी तेच. औषधाने रोग बरा होऊ लागला तरी घराचे दार उघडत नसे. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण आपल्या कायद्यातून गेले ते २०१९ साली! नातेवाइकांनी टाकलेल्याला पुन्हा कोणाचा तरी म्हणविणे, हे औषधाइतकेच मोठे काम होते.

या चित्रात काळे रंगही आहेत. आरंभी साहेब हाच मायबाप. मंडळी त्याच्या तोंडाकडे पाही. भाऊबंदांची माया आली तशी भाऊबंदकीही आली. पंचांच्या पदावरून तंटे झाले, चुकलेल्याला समजावण्याऐवजी वाळीत टाकल्याचेही प्रकार घडले. जात देवळाच्या पायरीशी थांबली नाही. सोयरीक जुळविताना जुनी जात हळूच विचारणारे तेथेही होते. टिळकांनीच शेवटी, १९१७ मध्ये, मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या दोघांनाही त्यात बोलाविले, ते उगीच नव्हे. पुढे १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना नाकारल्या. जातीचा काच सुटला नाही, सवलत मात्र सुटली. आणि पुष्कळ घरांत मुलांच्या शिक्षणाचा भार पुन्हा मंडळीवर आला.

हळूहळू मंडळी आपल्या पायांवर उभी राहिली. १९५३ साली यवतमाळला पाळकांच्या शिक्षणासाठी सेमिनरी निघाली. ती १९८३ मध्ये पुण्यास गेली. कॅथलिकांचा अमरावती धर्मप्रांत १९५५ मध्ये झाला आणि जोसेफ रोझारिओ त्याचे पहिले बिशप झाले. आता वऱ्हाडातल्या मंडळ्यांची तरुण मुले पुणे-मुंबईला आणि त्याहून दूर गेली आहेत. दुष्काळातल्या लेकरांच्या नातवंडांना आता मामा आहेत, आत्या आहेत, आजोळ आहे. मंडळीने ज्या नात्यांची उणीव भरून काढली ती नाती आता रक्ताची झाली.

आजी गेल्या तेव्हा मी कॉलेजात होतो. पेटीला खांदा द्यायला एवढी माणसे आली की वडिलांना आळीच्या टोकाशी जेमतेम जागा मिळाली. आईच्या मनात मात्र वेगळीच काळजी. "यांचे सुतक कोण धरणार? त्यांच्या घरी चूल कोण पेटवणार?" ती भाजी-भाकरी बांधून संध्याकाळी त्यांच्याकडे गेली. पाहते तो ओसरीवर मंडळीतल्या बायका वही घेऊन बसलेल्या. कोणत्या दिवशी कोणाच्या घरून जेवण यावयाचे ते लिहून ठेवीत होत्या, आणि पुढले आठ दिवस भरलेले होते.

आईने क्षणभर वहीकडे पाहिले आणि म्हणाली, "नववा दिवस आमचा लिहा."