पिकाची आणेवारी आणि पोटाची भाकरी

नाशिक जिल्हा समुद्रापासून फार दूर नाहीं. पण मध्यें सह्याद्रि उभा आहे. पश्चिमेचे ढग इगतपुरी-त्र्यंबकच्या डोंगरांवर रिते होतात, आणि सिन्नर, येवला, नांदगांव, मालेगांव या पूर्वेकडील तालुक्यांच्या वाट्याला उरलीसुरली शिंपण येते. पश्चिमेला भात व नागली, पूर्वेला बाजरी, ही पिकांची वांटणी या पावसानेंच केली आहे. पूर्वेकडे मृग हुकला, आर्द्राही कोरड्या गेल्या, म्हणजे शेतकऱ्याला वर्षाचें भविष्य विचारायला ज्योतिष्याकडे जावें लागत नाहीं.

सरकारदरबारीं मात्र हें भविष्य आण्यांत मोजलें जात असे. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक, आठ आणे म्हणजे त्याचें निम्में. ही आणेवारी बहुधा नजरेनें ठरे. अधिकारी बांधावरून पीक पाही आणि आंकडा मांडी. तो आंकडा एक-दोन आण्यांनीं वर चढला कीं, साऱ्याची तहकुबी हुकली आणि बियाण्याचे दाणेही विकणें शेतकऱ्याच्या नशिबीं आलें.

१८७६ सालीं पावसानें दक्षिणेला दगा दिला, तेव्हां नाशिकच्या कोरड्या तालुक्यांतही पिकें गेलीं. थळ घाटांतून आगगाडी १८६५ सालींच वर आली होती. त्यामुळें मागील दुष्काळांत अशक्य असलेली गोष्ट आतां शक्य झाली होती: दूरदेशींचें धान्य मनमाड-लासलगांवपर्यंत येऊं शकत होतें. व्यापारी धान्य आणतील, सरकारनें त्यांत पडूं नये, असें तेव्हांचें धोरण होतें. धान्य आलेंही, पण स्टेशनपासून गांवापर्यंत तें बैलगाडीनें न्यावयाचें, आणि बैल तर वैरणीविना मरत होते. शिवाय धान्याला दाम लागतो. ज्याचें पीक बुडालें त्याची मिळकत बुडाली, आणि त्याच्या शेतावर राबणाऱ्याची मजुरीही बुडाली.

१८७७ च्या आरंभीं सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानें दुष्काळी कामावरील पुरुषाची रोजची मजुरी एक पौंड धान्याची किंमत व वर अर्धा आणा इतकी खालीं आणली गेली. इलाख्यांतील हजारों मजुरांनीं कामें सोडलीं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें ठिकठिकाणची माहिती जमवून सरकारपुढें मांडली. पुढें १८८० सालीं दुष्काळ आयोगानें आपल्या अहवालांत नमूद केलें कीं, दुष्काळाचा पहिला घाव बसतो तो रोजगार गमावलेल्या शेतमजुरावर आणि कारागिरावर. या अहवालांतूनच दुष्काळाचे कायदेशीर नियम तयार झाले.

तरीही आंकड्यांचा तंटा मिटला नाहीं. १९१८ सालीं खेडा जिल्ह्यांत महात्मा गांधींनीं सत्याग्रह उभारला, तो याच प्रश्नावर. पीक चार आण्यांहून कमी असेल तर त्या वर्षाचा सारा तहकूब व्हावा, असा नियम होता. पीक चार आण्यांच्या खालीं आहे असें शेतकरी म्हणत, वर आहे असें अधिकारी म्हणत. अखेर ऐपतदारांनीं सारा भरावा व गरिबांना तहकुबी मिळावी, अशी तडजोड झाली.

चुकीच्या अंदाजाची किंमत किती जबर असते, हें आफ्रिकेतील मलावी देशानें अलीकडे पाहिलें. त्या देशाला समुद्रकिनारा नाहीं. बाहेरचें धान्य शेजाऱ्यांच्या बंदरांतून व रस्त्यांनींच यावें लागतें. २००१ सालीं तेथें मक्याचें पीक घटलें. पण कसाव्यासारख्या कंदांचें पीक मुबलक आहे असा फुगवलेला अंदाज कागदावर होता, म्हणून कोणी वेळीं जागें झालें नाहीं. राखीव धान्याचा सांठा आधींच विकला गेला होता, आणि बाहेरून मागविलेला मका वाटेंत रखडला. २००२ च्या आरंभीं तेथें लोक भुकेनें मेले.

याच्या उलट उदाहरण महाराष्ट्राचें. १९७२-७३ सालीं राज्याचें धान्योत्पादन नेहमीच्या निम्म्याहूनही खालीं आलें. पण संकट वेळीं ओळखलें गेलें. मे १९७३ मध्यें सुमारें ५० लाख माणसें दुष्काळी कामांवर होतीं. खडी फोडून, पाझर तलाव खणून मजुरी हातीं आली, आणि मजुरी आली म्हणून परदेशांतून आलेला लाल मिलो घरांत शिजला. त्या अनुभवावरच १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा झाला.

आण्यांची जागा पुढें पैसेवारीनें घेतली, आणि आतां जमिनींतील ओल व उपग्रहांनीं टिपलेलीं चित्रेंही हिशेबांत धरतात. १८७७ सालीं जेथें धान्य आगगाडींतून उतरून पडून राही, त्या मनमाडला आज भारतीय अन्न महामंडळाचीं विस्तीर्ण कोठारें आहेत. मात्र कोठार भरलेलें असणें आणि चूल पेटणें यांच्यामध्यें दोन गोष्टी उभ्या असतात: बांधावर उभें राहून लिहिलेला खरा आंकडा, आणि त्या आंकड्याप्रमाणें वेळेवर मिळालेलें काम. पहिली चुकली तर दुसरी उशिरा येते. आणि भुकेला उशीर सोसत नाहीं.