काडतुसाचा भरवसा

रायपूरला बदली होऊन आलो आणि पहिल्याच रविवारी जयस्तंभ चौकात गेलो. सोनाखानचे जमीनदार वीर नारायण सिंह यांना १० डिसेंबर १८५७ रोजी इथेच फाशी दिली, असे सांगतात. त्यानंतर सहाच आठवड्यांत, १८ जानेवारी १८५८ च्या रात्री, इथल्या तिसऱ्या पलटणीतल्या हनुमान सिंहाने सार्जंट मेजर सिडवेलला ठार केले. त्याच्या सतरा साथीदारांना २२ जानेवारीला फाशी झाली. हनुमान सिंह मात्र हाती लागला नाही. तो पलटणीत मॅगझीन लष्कर होता, म्हणजे दारूगोळ्याच्या कोठारावरचा माणूस. मी फौजी, त्यामुळे माझे मन तिथेच अडकले.

१८५७ म्हटले की चरबीची काडतुसे आठवतात. पण काडतुसाला चरबी हवी कशाला, हे शाळेत कुणी सांगितले नव्हते.

जुन्या ब्राउन बेस बंदुकीची नळी आतून गुळगुळीत. शंभर यार्डांपलीकडे नेम म्हणजे नशीब. १८५३ च्या एनफिल्डच्या नळीत खाचा होत्या. बार उडाला की शिशाची गोळी फुगून खाचांत बसे आणि गिरक्या घेत सरळ जाई. कागदी काडतुसात सुमारे ६८ ग्रेन दारू आणि ५३० ग्रेनची गोळी, म्हणजे साधारण साडेचार आणि चौतीस ग्रॅम. गोळी नळीत घट्ट बसायची, म्हणून ती सहज सरकावी आणि जळक्या दारूची काजळी नळीत धरू नये, यासाठी वंगण. नेमबाजीसाठी केलेली सोयच विश्वासाच्या मुळावर आली.

जानेवारी १८५७ मध्ये सरकारने हुकूम काढला की काडतुसे वंगणाविना द्यावीत, शिपायांनी आपल्या पसंतीचे वंगण स्वतः लावावे. पुढे काडतूस दाताऐवजी हाताने फाडायची कवायतही आली. तरी बराकपूरचे शिपाई म्हणाले, कागदच चकाकतो, त्यातच काहीतरी आहे. वंगण शिपायाच्या हाती दिले, पण कागद कुठून आला हे त्याला कुठे माहीत होते? गेलेला भरवसा हुकमाने परत येत नाही.

१८६० च्या दशकात बॉक्सरचे धातूचे काडतूस आले. टोपी, दारू आणि गोळी एकाच पुंगळीत. फाडणे गेले, चावणे गेले. १८६९ मध्ये आपल्या पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला. १९६४ मध्ये जळगाव जिल्ह्यात वरणगावला दुसरा. शिपायाच्या हातचे काम यंत्राकडे गेले.

परदेशात हौशी नेमबाज अजूनही घरी काडतुसे भरतात. त्यांची सगळी हत्यारे, म्हणजे तराजू, साचा, दाबयंत्र, एकाच कामाची: पहिले काडतूस आणि पन्नासावे काडतूस सारखे निघावे. दारू थोडी कमीजास्त झाली की वेग बदलतो, आणि लांबच्या टार्गेटवर गोळी वरखाली जाते. महागडे यंत्र घेऊन तराजू हलका घेणारा फसतो. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणे गुन्हा आहे, तेव्हा हा नाद इथे करू नये.

पण सारखेपणाचा नियम सगळीकडे एकच. कोल्हापूरच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्य जिंकले. या खेळातले .२२ चे काडतूस पुन्हा भरण्याजोगे नसते. म्हणून नेमबाज वेगवेगळ्या लॉटची काडतुसे आपल्या रायफलीतून झाडून बघतात आणि जो लॉट सर्वांत लहान ग्रुप देतो तोच घेतात. भरणे हातात नाही, पण पारखणे हातात आहे.

रेंजवर मी पोरांना हेच सांगतो. पेटी उघडली की आधी लॉट नंबर वाचा. लॉट बदलला तर झिरो पुन्हा तपासा. शिस्त चुकली तर चूक आपली, पण राऊंडवर डोळे झाकून विश्वास ठेवला तर तीही आपलीच. परवा एका नव्या जवानाने विचारले, "साहेब, हे कंटाळवाणे काम रोज कशाला?" त्याला मी जयस्तंभ चौकात घेऊन जाणार आहे.