लाकडी घोड्यांचे चक्र

शिरोली एमआयडीसीच्या फाउंड्रीत वितळलेले लोखंड साच्यात ओतण्यापूर्वी अनेकदा सुताराच्या हातचा लाकडी पॅटर्न लागतो. जत्रेतील फिरत्या घोड्यांचा इतिहासही लाकडापासूनच सुरू होतो. धातूचे ओतीव घोडे नंतर आले. फिलाडेल्फियातील कारागिरांनी १९२२ साली घडविलेले ४८ घोड्यांचे चक्र अमेरिकेतील यंग्सटाऊनच्या उद्यानात फिरत असे. १९८४ च्या आगीनंतर ते उद्यान बंद पडले व चक्र लिलावात निघाले. ते वॉलेंटास कुटुंबाने विकत घेतले. जेन वॉलेंटास यांनी घोड्यांवरील रंगांचे थर हाताने खरवडून, दोन दशकांहून अधिक काळ खपून त्याला मूळ रूप दिले. २०११ पासून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात आईवडील आपल्या मुलांना पुन्हा त्यावर बसवितात. ओतलेला घोडा मोडला तर त्याच पॅटर्नवरून दुसरा काढता येतो; कोरलेला मात्र जपावाच लागतो.