आयमॅकचा चुलतभाऊ

किरणोत्सर्ग सोसणाऱ्या चिपांच्या घराण्याची कथा एका मृत्यूपासून सुरू करायला हवी. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरावर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर अणुबाँब फोडला आणि दुसऱ्याच दिवशी टेलस्टार हा दूरसंचार उपग्रह सोडला. स्फोटातून उधळलेल्या इलेक्ट्रॉनांच्या माऱ्यात त्याचे ट्रान्झिस्टर नासत गेले. नोव्हेंबरात त्याला आज्ञा कळेनाशा झाल्या. इंजिनिअरांनी युक्त्या लढवून जानेवारीत तो शुद्धीवर आणला, पण फेब्रुवारी १९६३ मध्ये तो कायमचा गेला.

अंतराळात किरणोत्सर्ग बाँबशिवायही असतोच. उपग्रहांतल्या काही चमत्कारिक बिघाडांचं खापर १९७५ साली संशोधकांनी वैश्विक किरणांवर फोडलं. चिपमधून एखादा जड कण आरपार गेला, की शून्याचा एक होऊ शकतो. चिप शाबूत, हिशेब मात्र चुकलेला.

यावर उतारा म्हणून जन्मलेल्या वंशातली नामांकित चिप म्हणजे रॅड७५०. मूळ पॉवरपीसी ७५०, म्हणजे १९९८ च्या निळसर आयमॅकमधलीच जात. बीएई सिस्टिम्सने तिची मांडणी किरणोत्सर्ग सोसेल अशी नव्याने केली. २००५ मध्ये ती डीप इम्पॅक्ट यानातून पहिल्यांदा अंतराळात गेली. किंमत दोन लाख डॉलरांच्या घरात. २०१२ मध्ये क्युरिऑसिटी ही गाडी मंगळावर उतरली ती हीच चिप घेऊन, वेग जेमतेम २०० मेगाहर्ट्झ! तेव्हा खिशातला फोनही याहून चपळ होता. पण अडीच अब्ज डॉलरांच्या लग्नात दोन लाखांच्या आहेराकडे कोण बघतो? शिवाय गाडीत संगणक दोन. २०१३ च्या फेब्रुवारीत एकाच्या मेमरीत घोळ झाला, तेव्हा दुसऱ्याने कारभार हाती घेतला.

मग २०२१ मध्ये मंगळावर इंजेन्युइटी हे पावणेदोन किलोंचं हेलिकॉप्टर आलं. त्याला जमिनीची सेकंदाला तीसेक छायाचित्रं तपासत उडायचं होतं. ते या सावकाश चिपला कुठलं झेपायला? प्रयोगच असल्याने धोका पत्करायचं ठरलं आणि आत बसला स्नॅपड्रॅगन ८०१, २०१४ च्या फोनांमधला. उड्डाण सांभाळायला मोटारींच्या सुरक्षा यंत्रणांसाठी बनवलेले दोन प्रोसेसर होते. एक चुकला तर दुसऱ्याकडे सूत्रं द्यायला वर एक राखणदार चिप. ही रचना मला त्या महागड्या चिपहून अधिक हुशारीची वाटते.

ठरली होती पाच उड्डाणं, झाली ७२. जानेवारी २०२४ मध्ये वाळूच्या खुणाविरहित लाटांवर उतरताना पाती मोडली. फोनची चिप मात्र त्यानंतरही बोलत होती.