रात्रपाळी आणि रक्तदाब
1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर, तेव्हाच्या औंध संस्थानात, कारखाना उभा केला. दंडाला पट्टा आवळून धमनीचा आवाज ऐकायचा आणि त्यावरून वरचा-खालचा रक्तदाब सांगायचा, ही कोरोत्कोव्हची रीत तेव्हा जेमतेम पाच वर्षांची होती. आज पलूस तालुक्यात मोडणाऱ्या या भागात पुढे गळिताच्या हंगामात रात्रंदिवस चालणारे साखर कारखाने आले, विहिरींवर मोटरी बसल्या, रात्रीच्या लाईटवर उसाला पाणी पाजायची वहिवाट पडली. जागरण पूर्वीही होतंच की, असं कुणी म्हणेल. खरं आहे, पिकाची राखण असे, पहाटे मोट धरली जाई. पण बैल दमले की मोट थांबे, मोटर थांबत नाही. इथली रात्र कामाची झाली आणि बीपी मात्र दिवसाच, दवाखान्यातल्या खुर्चीवर मोजलं जात राहिलं. इथल्या रक्तदाबाच्या इतिहासातली मोठी उणीव मला हीच वाटते.

झोपेत रक्तदाब उतरतो हे लिओनार्ड हिल यांनी 1898 मध्येच नोंदवलं होतं. 1988 मध्ये ओब्रायन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की ज्यांचा दाब रात्री पुरेसा उतरत नाही त्यांच्यात पक्षाघात झालेले अधिक असतात. साधारण दहा ते वीस टक्के उतार चांगला मानतात. मग रात्री दाब मोजण्याचा खटाटोप कशाला, शरीरातली सूज दाखवणारी सीआरपी रक्तात तपासली की झालं, असा आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाही. 1930 मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांत सापडलेलं हे प्रथिन दाब न उतरणाऱ्यांत जास्त आढळल्याचे अभ्यास आहेत. पण ते हिरड्या सुजल्या, छातीत कफ झाला, वजन वाढलं, विडी ओढली तरी वाढतं. शिवाय 2017 च्या मोठ्या चाचणीत सूज कमी करणाऱ्या औषधाने सीआरपी घटली, हृदयविकाराचे झटकेही घटले, रक्तदाब मात्र उतरला नाही. म्हणजे सूज सोबतीण असेल, रात्रीच्या मोजणीची बदली नव्हे.

आणि ती मोजणीही घड्याळ पाहून करून चालणार नाही. रात्री अकरा ते सकाळी सहा म्हणजे झोप, असं धरून काढलेला अहवाल पाणी पाजून पहाटे आडव्या झालेल्या माणसाचं जागरण झोपेच्या खात्यात जमा करतो. चोवीस तास रक्तदाब मोजणाऱ्या यंत्राबरोबर दिलेल्या कागदावर मोटर कधी चालू केली आणि पाठ कधी टेकली, या दोन वेळा त्याच्याकडून लिहून घ्यायलाच हव्यात.