विमानावरचा थेंब आणि पित्तनलिकेतला खडा

गांधीबागेतल्या औषधांच्या बाजारात माझे नेहमीचे जाणे-येणे. तिथे एक प्रश्न हमखास कानावर पडतो : मुतखडा जसा बाहेरून फोडतात, तसा पित्ताचा खडा फुटत नाही का हो? फुटतो. पण त्याची हकीकत जरा वळणाची आहे.

ती सुरू होते जर्मनीतल्या डॉर्निए या विमान कंपनीत. ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या विमानावर पावसाचे साधे थेंब आपटले, तरी धातूला इजा होई. तिचे कारण शोधताना अभियंत्यांचे लक्ष आघातलहरींकडे गेले. या लहरी मऊ मांसातून फारशी इजा न करता जातात आणि कठीण खड्याला तडे पाडतात. ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिकमध्ये ख्रिश्चन शॉसी आणि सहकाऱ्यांनी पहिला मुतखडा असा फोडला. रुग्णाला चक्क पाण्याच्या टबात ठेवले होते, कारण मध्ये हवा आली की लहरी शरीरात नीट शिरत नाहीत.

१९८६ मध्ये म्युनिकच्याच डॉक्टरांनी पित्ताच्या खड्यांचा अहवाल छापला. रुग्ण १४, नऊ जणांचे खडे पित्ताशयात, पाच जणांचे पित्तनलिकेत. मोठा गाजावाजा झाला. पण खडा फोडला तरी पित्ताशय जागेवरच राहते आणि त्यात पुन्हा खडे धरतात. तेवढ्यात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया आली. १९९० मध्ये मुंबईत डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी ती भारतात प्रथम केली. पित्ताशयापुरत्या लहरी मागे पडल्या, आणि माझ्या मते ते बरेच झाले.

पित्तनलिकेची गोष्ट निराळी. यकृतातले पित्त आतड्यात नेणारी ही वाट अडली की कावीळ होते, हुडहुडी भरून ताप येतो, वेळ दवडली तर जिवावर बेतते. अशा वेळी खडा विरघळवणाऱ्या पुड्या शोधत फिरणे म्हणजे आगीशी खेळ. १९७४ पासून तोंडावाटे दुर्बीण घालून, नलिकेचे तोंड थोडे कापून खडा काढता येतो. बहुतेक खडे असेच निघतात. फार मोठा किंवा घट्ट रुतलेला खडा राहिला, तर लहरींची पाळी येते. हा खडा एक्स-रेत बहुधा दिसत नाही, म्हणून नाकावाटे नलिकेत बारीक नळी ठेवून औषध सोडतात, नेम धरतात आणि मग मारा करतात. मुतखड्याचा चुरा लघवीतून जातो; इथले तुकडे बऱ्याचदा दुर्बिणीनेच काढावे लागतात. 'बिनऑपरेशन' खरे, पण बिननळीचे नव्हे!

नागपूरहून रात्रीच्या गाडीने गाठता येणाऱ्या हैदराबादेत, एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजीत, अशा २८३ अवघड रुग्णांवर हा उपाय झाला. २००९ मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार सुमारे ८४ टक्के रुग्णांची नलिका पूर्ण मोकळी झाली. पुढे नलिकेतच चिमुकली दुर्बीण नेऊन लेसरने खडा फोडण्याची सोय आली आणि लहरींचे काम आणखी कमी झाले. पचनसंस्थेत त्यांचा मोठा उपयोग आता स्वादुपिंडाच्या नलिकेतल्या खड्यांसाठी होतो.